लावलेल्या झाडाचा हिशेब

वाचकहो, झाड लावणे हे आपल्या धर्मात किती मोठे पुण्यकर्म मानले गेले आहे, हे आपणास वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. एखादा मुस्लीम रोप लावतो किंवा शेत पेरतो आणि त्यातून माणूस, पक्षी वा जनावर काही खातो, तेव्हा ते त्याच्यासाठी सदका ठरते, अशा आशयाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. जुम्याच्या बयानांत आणि पावसाळ्यातील वृक्षारोपणाच्या फलकांवर ती वारंवार आपल्यासमोर येते. मीही ती अनेकदा सांगितली आहे. परंतु तिच्या रचनेकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. तेथे पुण्य केवळ खड्डा खणून रोप लावण्याशी जोडलेले नाही. त्या झाडामुळे दुसऱ्या जिवाच्या मुखात काय पडले, याच्याशी ते जोडलेले आहे. मग लावलेल्या झाडाने दुसऱ्याच्या मुखातला घासच काढून घेतला तर?

हा प्रश्न मला ग्रंथ वाचताना पडलेला नाही. बावीस वर्षांपूर्वी आमच्या कोकणातील गावी कब्रस्तानाच्या कातळावर आम्ही दोनशे रोपे लावली. ऑस्ट्रेलियन बाभूळ, जिला आमच्याकडे सरसकट ‘अकेशिया’ म्हणतात. गुरे तिला तोंड लावत नाहीत, पाणी घालावे लागत नाही, आणि तीन-चार वर्षांत डोक्यावर सावली येते. त्या वेळी मी कमिटीचा सचिव होतो. जनाजा घेऊन येणारी माणसे भर मे महिन्यात सावलीत उभी राहिलेली पाहून मला समाधान वाटत असे. गेल्या वर्षी कब्रस्तानाच्या खालच्या अंगाला ज्यांची वरकस जमीन आहे, ते शेजारी काका हातात उपटलेली पाच-सहा रोपे घेऊन माझ्या दारात आले. म्हणाले, “गुरुजी, या तुकड्यातून चार म्हशींचं वर्षाचं गवत निघायचं. आता दोघींचंही निघत नाही. तुमची झाडं खाली उतरली.”

मी त्यांना जे उत्तर दिले, ते आज सांगताना मला संकोच वाटतो. मी म्हणालो, “काका, झाडं आम्ही गडग्याच्या आत लावली. पाखरांनी आणि पावसाच्या पाण्यानं बी खाली नेलं, त्याला आम्ही काय करणार? आणि आमचा हेतू तर पुण्याचाच होता.”

ते शांतपणे म्हणाले, “हेतू वाईट होता असं मी कुठं म्हणतो? मी गवताचं बोलतोय.”

त्याच आठवड्यात माझे एक आतेभाऊ केपटाऊनहून गावी आले होते. ओटीवर पडलेली ती रोपे पाहून ते चमकले आणि म्हणाले, “अरे, हे तर आमच्याकडचं पोर्ट जॅक्सन दिसतं!” ती जात नेमकी तीच नव्हे; पण दोघी एकाच ऑस्ट्रेलियन बाभळीच्या कुळातल्या. दोघींचेही पान म्हणून जे दिसते, ते वस्तुतः चपटा झालेला देठ असतो. मग रात्री उशिरापर्यंत ते तेथील झाडांची कहाणी सांगत राहिले. पुढे मी स्वतः त्याविषयी वाचन केले. आमच्या गडग्यापलीकडे जे घडले, ते केपमध्ये पावणेदोनशे वर्षांपासून आणि फार मोठ्या प्रमाणावर घडत आले आहे. म्हणून आपणासही थोडा वेळ तेथे घेऊन जातो.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची केपटाऊनशी नाती आहेत. रत्नागिरी व रायगड भागातील कोकणी मुस्लीम घराणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे जाऊन स्थिरावली. तेथील इस्लाम त्याहूनही जुना आहे. मकासरचे शेख यूसुफ यांना डच सत्तेने १६९४ मध्ये हद्दपार करून केपमध्ये आणले होते. या प्रदेशातील डोंगरांवर उंच झाडांचे अरण्य फारसे नाही. तेथे कमरेएवढ्या, क्वचित पुरुषभर उंचीच्या झुडपांची दाट वनश्री आहे. तिला ‘फाइनबॉस’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाला ज्याच्यावरून टोपणनाव मिळाले, ते ‘प्रोटिया’चे फूल याच वनश्रीतले. केपच्या त्या लहानशा प्रदेशात वनस्पतींच्या सुमारे ९ हजार जाती आहेत आणि त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक जगात अन्यत्र कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाहीत.

युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांना या डोंगरांवर काहीच ‘नाही’ असे दिसले. घराच्या वाशांना लाकूड नाही, जळण नाही, सावली नाही. ही गरज खोटी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. त्यांनी भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवरून आणि पुढे कॅलिफोर्नियाहून पाइनच्या जाती आणल्या आणि डोंगरउतारांवर त्यांच्या लागवडी उभ्या केल्या. शहराबाहेरील सपाट पुळणीतील वाळू वाऱ्याने उडून रस्ते बुजवीत असे. ती बांधून ठेवण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्ट्रेलियातून पोर्ट जॅक्सन आणि रूइक्रान्स या बाभळी आणून पेरल्या गेल्या. वाळू थांबली आणि लाकूडही मिळू लागले. ज्यांनी हे केले त्यांचा त्या काळी गौरवच झाला असेल.

मात्र झाडे आखून दिलेल्या रेषेत थांबली नाहीत. पाइनचे बी पंख असलेले असते. डोंगरमाथ्यावर सुटलेल्या वाऱ्यावर ते दूरदूरच्या दऱ्याखोऱ्यांत जाऊन पडते. त्याहून विलक्षण गोष्ट आगीची आहे. फाइनबॉसला दहा-वीस-तीस वर्षांनी वणवा लागावा, हा तेथील निसर्गक्रमच आहे. अनेक देशी झुडपांचे बी त्यानंतरच रुजते. पण तेथे पसरलेल्या पाइनच्या काही जातींची बोंडेदेखील आगीच्या झळीने उघडतात. वणवा विझला की राखेवर हजारो बिया एकदम सांडतात आणि पुढच्या पावसाळ्यात देशी रोपांच्या आधी पाइनचे दाट रान माजते. बाभळींचे कठीण कवचाचे बी तर मातीत कित्येक दशके निपचित पडून राहते व आगीनंतर जागे होते. जो वणवा त्या भूमीच्या नवजीवनाचा होता, तोच तिच्यावर उलटला.

खालच्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांची तक्रार मात्र पाण्याची होती. वर झाडे लावल्यापासून आमचे ओढे आटू लागले, असे ते म्हणत. झाडे लावली की पाऊस वाढतो आणि झरे वाहू लागतात, असा सर्वत्र समज असल्याने या तक्रारीवर विश्वास बसणे कठीण होते. अखेर १९३० च्या दशकात स्टेलेनबॉशजवळ योंकर्सहूक येथे संशोधन केंद्र उभारण्यात आले आणि शेजारशेजारच्या खोऱ्यांतील ओढ्यांचे पाणी वर्षानुवर्षे मोजले गेले. पाइन जसजसे वाढत गेले तसतसा त्या खोऱ्यांतील प्रवाह घटत गेला. शेतकरी खरे बोलत होते. कमरेएवढ्या झुडपांच्या जागी उंच, सदाहरित, खोल मुळांची झाडे आली की ती बारमाही पाणी ओढतात, हे कळायला आज आपल्याला सोपे वाटते; पण ते सिद्ध व्हायला अनेक वर्षे लागली. १९७२ पासून दक्षिण आफ्रिकेत नवीन व्यापारी लागवडीसाठी परवाना आवश्यक झाला आणि १९९८ च्या राष्ट्रीय जल कायद्याने अशा लागवडीला ‘प्रवाह घटवणारे कृत्य’ म्हणून नोंदले.

ही सगळी हकीकत ऐकल्यावर माझ्या मनात प्रथम तेच उत्तर आले, जे मी काकांना दिले होते. लावणाऱ्यांना हे कोठे ठाऊक होते? कर्मे निय्यतीवर अवलंबून असतात, ही आपल्या धर्माची पायाभूत शिकवण नव्हे काय?

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे, कारण या शिकवणीचा आपण फार सोयीस्कर उपयोग करतो. निय्यत शुद्ध असली तर माणूस गुन्हेगार ठरत नाही, हे खरे. पण गुन्हा नसणे आणि देणे नसणे, या एकच गोष्टी आहेत काय? पवित्र कुरआनातील सूरह अन-निसाच्या ९२व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येचा विषय आला आहे. ज्याच्या हातून चुकून मनुष्य मारला गेला, त्याचा हेतू हत्येचा नव्हता. तरीही मृताच्या वारसांना दियत, म्हणजे भरपाई, देण्याचा आदेश आहे, आणि त्याखेरीज प्रायश्चित्तही आहे. वारसांनी स्वखुशीने सोडून दिले तर गोष्ट वेगळी. तेथे “माझा हेतू तसा नव्हता” हे विधान मान्य केले जाते आणि तरीही देणे कायम राहते. हेतूचा निवाडा अल्लाहकडे आहे; नुकसान मात्र शेजाऱ्याच्या अंगणात पडलेले असते. काकांनी एका वाक्यात हेच सांगितले होते, आणि मला ते समजायला बरेच दिवस लागले.

दुसरीही एक गोष्ट आहे. सूरह यासीनमध्ये असा आशय आला आहे की, माणसे जे पुढे पाठवतात ते आणि जे ठसे मागे सोडतात तेही लिहिले जाते. आपण ‘सदका-ए-जारिया’ समजावून सांगताना या ठशांची आठवण करून देतो: विहीर खोदली, मदरसा बांधला, झाड लावले, की मृत्यूनंतरही खाते चालू राहते. परंतु चालू राहणारे खाते केवळ जमेच्या बाजूचेच कसे असेल? प्रत्येक वणव्यानंतर पाइनचे रान एक खोरे पुढे सरकते, तेव्हा तोही एक ठसाच आहे. लावणाऱ्याला त्याची कल्पनाही नव्हती, म्हणून अल्लाह त्यास क्षमा करील, अशी आशा आपण करावी. ज्यांना आज कल्पना आहे, त्यांना मात्र ती सवलत मिळेल असे मला वाटत नाही. योंकर्सहूकच्या मोजमापानंतर अजाणतेपणाचे दार बंद झाले. काका दारात येऊन गेल्यानंतर माझेही झाले.

आणखी एका हदीसचा मला येथे नव्याने अर्थ लागला. लोक तीन गोष्टींत परस्परांचे भागीदार आहेत: पाणी, चारा आणि अग्नी. अबू दाऊदच्या संग्रहातील ही हदीस आपण सहसा पाणी विकण्याच्या प्रश्नाशी जोडतो. परंतु केपच्या डोंगरांकडे पाहा. पसरलेल्या झाडांनी ओढ्याचे पाणी घेतले, मोकळ्या रानाची जागा घेतली आणि अग्नीचे रूपही बदलले. कारण झुडपांपेक्षा कितीतरी अधिक लाकूड साठलेल्या रानातील वणवा जास्त भडकतो, जमिनीतील देशी बीही जाळतो, आणि नंतरच्या पावसात उघडी माती वाहून जाते. ज्या तीन गोष्टींवर कोणा एकाची मालकी नाही, नेमक्या त्याच तीन गोष्टी कुणाच्या तरी खाजगी लागवडीने व्यापल्या.

पाण्याचा प्रश्न २०१८ मध्ये केपटाऊनच्या उंबरठ्यावर आला. सलग तीन वर्षे पाऊस अत्यंत कमी झाला होता आणि धरणे तळाला गेली होती. त्या वर्षी १ फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटर पाण्याची मर्यादा घालण्यात आली. माझे आतेभाऊ सांगत होते, वुजूचे पाणी तस्तात साठवून ते शौचालयासाठी वापरायचे, हा घराघरांतील नियम झाला होता. वाहत्या नदीच्या काठीही वुजूत पाणी वाया घालवू नये, ही शिकवण त्यांच्या मुलांना त्या उन्हाळ्यात प्रथमच खऱ्या अर्थाने समजली. तो दुष्काळ पाइनमुळे पडला, असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. पाऊसच पडला नव्हता. परंतु शहराला पाणी पुरवणाऱ्या पाणलोटांत पसरलेली परकीय झाडे वर्षाला अंदाजे ५५ अब्ज लिटर पाणी पितात आणि हे पाणी त्या शहराच्या सुमारे दोन महिन्यांच्या गरजेइतके आहे, हा हिशेब त्याच वर्षी मांडला गेला. खाली लहान मूल वुजूचे पाणी वाचवत होते आणि वर डोंगरावर शंभर वर्षांपूर्वीचा एक निर्णय ते पीत होता.

मग याचे निवारण कोणी करायचे? लावणारे केव्हाच मातीत गेले. कोणी दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे तर कुरआनाने अनेकदा स्पष्ट केले आहे. माझ्या मते ओझे आणि काम यांत भेद करणे येथे आवश्यक आहे. पापाचे ओझे वारशाने येत नाही. दुरुस्तीचे काम मात्र येते. चुकून झालेल्या हत्येची दियतदेखील एकट्या अपराध्याने नव्हे, तर त्याच्या नातेसमूहाने मिळून द्यावी, असेच आपल्या फिकहने ठरवले. उस्मानी काळात संकलित झालेल्या ‘मजल्ला’ या न्यायसंहितेच्या आरंभी जी मूलतत्त्वे दिली आहेत, त्यांत दोन अशी आहेत की जणू याच प्रश्नासाठी लिहिली असावीत. एकाचा आशय असा की, ज्याला लाभ त्यालाच तोशीस. दुसऱ्याचा आशय असा की, हानी कितीही जुनी झाली तरी तिला जुनेपणाचा हक्क मिळत नाही. “ही झाडे आजोबांच्या काळापासून आहेत” हे वाक्य झाडाविषयीच्या प्रेमाचा पुरावा ठरेल; त्याने शेजाऱ्याचे नुकसान मात्र रद्द होत नाही.

निवारण कसे करावे, याविषयी मला सूरह अल-अंबियातील ७८ व ७९ या आयती वारंवार आठवतात. आदरणीय दाऊद (अ.) आणि सुलैमान (अ.) यांच्यासमोर एक तंटा आला: कोणाची तरी मेंढरे रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरली होती. कुरआनाने प्रसंग थोडक्यात सांगितला आहे. तपशील भाष्यकारांनी दिला आहे. त्यांच्या कथनानुसार दाऊद (अ.) यांचा निवाडा असा होता की, नुकसान मेंढरांच्या किमतीइतके आहे, म्हणून मेंढरे शेतमालकास द्यावीत. सुलैमान (अ.) यांनी वेगळा मार्ग सुचवला. मेंढरांच्या मालकाने ते शेत घ्यावे आणि पूर्ववत होईपर्यंत कसावे. तोपर्यंत शेतमालकाने मेंढरांचे दूध व लोकर यांचा उपभोग घ्यावा. शेत पूर्ववत झाले की ज्याचे त्याला परत. अल्लाहने दोघांनाही ज्ञान व विवेक दिल्याचे म्हटले आहे, पण या प्रकरणाचा उमज सुलैमान (अ.) यांना दिल्याचे सांगितले आहे. पहिल्या निवाड्यात नुकसानीची किंमत चुकती होते. दुसऱ्यात जमीन पुन्हा उभी राहते, आणि ती उभी करण्यासाठी ज्याच्यामुळे नुकसान झाले त्याचेच हात मातीत जातात.

आपल्या देशात या गोष्टीची एक उलटी बाजूही पाहायला मिळते. कच्छच्या रणाच्या कडेला ‘बन्नी’ नावाचा विस्तीर्ण गवताळ प्रदेश आहे. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरांचा. तेथील मालधारी, म्हणजे गुरे राखणारे समाज, बहुतांशी मुस्लीम आहेत. रणाचा खारटपणा पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या दशकाच्या आरंभी वन विभागाने तेथे सुमारे ३१ हजार हेक्टरांवर विलायती बाभूळ लावली. गुरांनी तिच्या गोड शेंगा खाल्ल्या आणि शेणावाटे बी सगळीकडे नेले. आज त्या कुरणाचा फार मोठा भाग तिच्या काट्यांखाली गेला आहे. कच्छी लोकांनी तिला ‘वेडी’ म्हणावे, यात नवल नाही. सुलैमान (अ.) यांच्यासमोर आलेल्या तंट्यात मेंढरे शेतात शिरली होती. बन्नीत झाडेच गुराख्यांच्या कुरणात शिरली आणि अनेक वर्षे अतिक्रमणाचा आरोपही गुराख्यांवरच होत राहिला.

दक्षिण आफ्रिकेत १९९५ मध्ये जे सुरू झाले, त्यात मला सुलैमानी निवाड्याची थोडी छाया दिसते. वर्णभेदी राजवट नुकतीच संपली होती. भारतीय वंशाच्या मुस्लीम कुटुंबात जन्मलेले कादर असमल हे पाणी व वने खात्याचे मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत ‘पाण्यासाठी काम’ अशा अर्थाच्या नावाची योजना उभी राहिली: बेरोजगार लोकांना, विशेषतः स्त्रियांना, मजुरी देऊन डोंगरदऱ्यांतील पसरलेली परकीय झाडे तोडायची. कड्यांवर दोरीला लटकून करवत चालवण्यापर्यंत हे काम जाते. एकदा तोडून भागत नाही. पुन्हा रुजलेली रोपे उपटायला वर्षानुवर्षे परत जावे लागते. पोर्ट जॅक्सनवर गाठी आणून तिला दुर्बळ करणारी एक बुरशीही १९८७ मध्ये मुद्दाम तिच्या मूळ देशातून आणून सोडण्यात आली. तरीही १९९८ च्या पाहणीत अशा झाडाझुडपांनी कमी-अधिक दाटीने सुमारे १ कोटी हेक्टर जमीन व्यापल्याचे दिसले होते आणि देशातील नद्यांचा सुमारे ७ टक्के प्रवाह ती शोषत असल्याचा अंदाज होता. तीस वर्षे काम करूनही ते संपलेले नाही. ज्या झाडांचा नफा एकेकाळी इतरांनी घेतला, ती उपटण्यासाठी वर्णभेदाखाली पिचलेल्यांची मुले दोरीला लटकतात, ही विसंगतीही नजरेआड करता येत नाही.

आता एका शब्दाविषयी बोलणे भाग आहे. मी वर अनेकदा ‘परकीय’ म्हटले. हा शब्द लिहिताना माझी लेखणी अडखळते आणि तो वाचताना आपणही थबकला असाल. ‘बाहेरून आलेले’, ‘पसरत चाललेले’, ‘येथील मातीतले नव्हे’ ही भाषा माणसांविषयी, आपल्याविषयी, आपण पुरेशी ऐकली आहे. म्हणून स्पष्ट सांगतो, बाहेरून येणे हा दोषच नव्हे. कोकणाला जगवणारा काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. आपल्या कालवणातली मिरचीही अमेरिका खंडातली. केपचे मुस्लीम गुलाम म्हणून, कैदी म्हणून, व्यापारी म्हणून बाहेरूनच आले आणि त्यांनी ते शहर घडवण्यात हातभार लावला. टेबल माउंटनच्या ओढ्यावर पिढ्यानपिढ्या शहराचे कपडे धुणाऱ्या स्त्रियांत त्यांच्या आया-आज्या होत्या. केपमध्ये आलेल्या अगणित झाडांपैकी मोजक्याच जाती मोकाट झाल्या; बाकीची बागेत, शेतात, अंगणात नांदत आहेत. म्हणून झाड कोठून आले, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. ते इतरांना नांदू देते काय, एवढेच विचारावे. शिवाय झाडाला पाप लागत नाही. ते आपल्या निर्मात्याने घालून दिलेल्या स्वभावाप्रमाणे वाढते. हिशेब द्यावा लागेल तो त्याला उचलून आणणाऱ्या आणि पसरताना पाहूनही गप्प बसणाऱ्या माणसाला.

“परंतु इस्लाममध्ये तर झाड तोडणे निषिद्ध आहे!” आमच्या कमिटीच्या बैठकीत हे वाक्य दोनदा उच्चारले गेले. प्रथम खलीफा अबू बक्र (रजि.) यांनी सैन्याला फळझाडे तोडू नका अशी ताकीद दिली होती, हे प्रसिद्धच आहे. पण अबू दाऊदच्या संग्रहात समुरा बिन जुंदुब (रजि.) यांचाही प्रसंग आहे, त्याच्या कथनसाखळीविषयी हदीसतज्ज्ञांनी चर्चा केली आहे, तरी शेजारधर्माच्या प्रकरणात तो उद्धृत केला जातो. एका अन्सारी गृहस्थाच्या बागेत समुरांची काही खजुरीची झाडे होती. त्यांच्या ये-जा करण्याने त्या कुटुंबाला त्रास होई. प्रेषितांनी (स.) समुरांना ती विकण्यास सुचवले, त्यांनी नकार दिला. दुसरीकडे बदलून घेण्यास सांगितले, नकार. भेट म्हणून दे, मोठे पुण्य मिळेल, असे सांगितले, तरीही नकार. तेव्हा तू हानी पोहोचवणारा आहेस, असे म्हणून प्रेषितांनी (स.) अन्सारी गृहस्थाला ती झाडे उपटून टाकण्यास सांगितले. अरबस्तानात खजुरीच्या झाडाचे मोल काय, हे आपण जाणता. आणि तोडण्याआधी तीन वेळा सामोपचाराचा मार्ग दिला गेला, हेही ध्यानात घ्यावे. केपटाऊनच्या टोकाई भागात पाइनच्या सावलीत पिढ्यानपिढ्या फिरायला जाणारे रहिवासी तोडीविरुद्ध न्यायालयात गेले होते. त्यांना मी चुकीचे म्हणू शकत नाही. सावलीवर माणसाचा जीव जडतो.

आतेभाऊ परत गेल्यावर मी काकांच्या वरकसात जाऊन आलो. पहिल्या पावसानंतर जमीन मऊ असते तेव्हा रोप मुळासकट निघते. गेल्या जूनमध्ये आम्ही तेरा जणांनी चार रविवार ती उपटली. गवत पूर्ववत येईपर्यंत माझ्या घरामागील तुकड्यातले गवत काकांनी कापून न्यावे, असे ठरले. त्यांनी आधी नको म्हटले, मग म्हणाले, “एका म्हशीपुरतं नेईन.” मूळ दोनशे झाडांपैकी दीडशेच्या आसपास अजून उभी आहेत आणि दरवर्षी बी सांडत आहेत. ती टप्प्याटप्प्याने काढून करंज, जांभूळ, उंडी लावावी, असा माझा प्रस्ताव आहे. त्यांना सुरुवातीची तीन वर्षे पाणी घालावे लागेल आणि सावली यायला बारा-पंधरा वर्षे जातील. वडीलधाऱ्यांचा विरोध आहे. प्रेषितांनी (स.) कबरींवर खजुरीची ओली डहाळी ठेवल्याचा दाखला ते देतात, आणि तो दाखला खरा आहे. त्या झाडांतील एक माझ्या वडिलांच्या कबरीवर सावली धरून आहे. ते मी स्वतः लावले होते. यादीत त्याचाही क्रमांक मी घातला आहे. बैठक येत्या शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर आहे, आणि काकांनाही बोलावले आहे.